गाण्यातली गोळी, कोर्टातला पुरावा: रॅप व्हिडीओवरून कुणाला गुन्हेगार ठरवता येतं का?

नोव्हेंबर २०२३. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरातल्या एका कोर्टात न्यायाधीशांपुढे एक पेच होता. आरोपी होता जेफरी विल्यम्स, म्हणजेच जगभर ऐकला जाणारा रॅपर यंग थग. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की त्याची गाणी ज्युरीला ऐकवू द्या, कारण त्यात गुन्ह्यांची कबुली आहे. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की ही गाणी आहेत, जबाब नाहीत. न्यायाधीश युरल ग्लॅनव्हिल यांनी गाण्यांमधले १७ उतारे काही अटींवर पुरावा म्हणून वापरायला परवानगी दिली.

या निर्णयाची बातमी जगभर झाली. पण असं पहिल्यांदाच घडत होतं, असं मात्र नाही. अमेरिकेत तीन दशकांहून जास्त काळ रॅपचे बोल आणि व्हिडीओ फौजदारी खटल्यांमध्ये वापरले जातायत. एरिक नील्सन आणि अँड्रिया डेनिस या दोन अभ्यासकांनी २०१९ साली 'रॅप ऑन ट्रायल' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी अशी शेकडो प्रकरणं शोधून काढली. त्यातले बहुतेक आरोपी यंग थगसारखे श्रीमंत किंवा प्रसिद्ध नव्हते. घरात, मित्राच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणारी ती साधी पोरं होती, आणि त्यातली बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होती.

मग गाणं पुरावा कसं होतं? कायदा त्याबद्दल काय सांगतो? आणि भारतात असं होऊ शकतं का?

रॅप व्हिडीओ कोर्टात कशासाठी वापरतात?

सगळी प्रकरणं एकसारखी नसतात. ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार कबुलीचा. गाण्यात 'मी गोळी झाडली' असं आहे आणि आरोपीवर गोळी झाडल्याचा आरोप आहे. सरकारी वकील म्हणतात, हा बघा, स्वतःच सांगतोय.

दुसरा प्रकार हेतूचा किंवा माहितीचा. गाण्यात घटनेचा थेट उल्लेख नाही, पण विरोधी टोळीबद्दल राग आहे, बंदुकांची किंवा अमली पदार्थांच्या धंद्याची माहिती आहे. यावरून आरोपीकडे गुन्हा करण्याचं कारण होतं किंवा त्याला या धंद्यातलं कळत होतं, असं दाखवलं जातं.

तिसरा प्रकार टोळीच्या सदस्यत्वाचा. इथे बोलांपेक्षा व्हिडीओ जास्त महत्त्वाचा ठरतो. व्हिडीओत कोण कोणाशेजारी उभं आहे, हातांच्या खुणा कोणत्या, रुमालाचा रंग कोणता, शूटिंग कुठल्या गल्लीत झालंय, यावरून 'हे सगळे एकाच टोळीचे' असा युक्तिवाद होतो. अमेरिकेत संघटित गुन्हेगारीविरोधात 'रिको' नावाचा कडक कायदा आहे. त्यात अनेक जणांचा मिळून एक कट होता, हे दाखवावं लागतं. त्यासाठी असे व्हिडीओ सोयीचे पडतात.

चौथा प्रकार सगळ्यात वेगळा. यात गाणं दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा नसतं, गाणं हाच गुन्हा असतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २०१२ साली दोन तरुणांनी एक रॅप गाणं केलं. त्यात त्यांना अटक करणाऱ्या दोन पोलिसांची नावं होती आणि त्यांना मारण्याची भाषा होती. हे पोलीस त्यांच्याविरुद्ध साक्ष देणार होते. गाणं इंटरनेटवर आलं आणि धमकी व साक्षीदारांना घाबरवल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली यातल्या जमाल नॉक्सची शिक्षा कायम ठेवली. किलर माइक, चान्स द रॅपर अशा नामवंत रॅपर्सनी त्याच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निवेदन दिलं, पण २०१९ साली त्या न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला.

हा चौथा प्रकार बाकीच्या तिघांपासून वेगळा ठेवायला हवा. धमकीच्या खटल्यात प्रश्न असतो की हे शब्द खरंच धमकी आहेत का. पहिल्या तीन प्रकारांत प्रश्न असतो की गुन्हा दुसरीकडे घडलाय, आणि तो या माणसाने केला हे गाण्यावरून कळतं का.

पण अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं काय?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती अभिव्यक्ती स्वातंत्र्य देते, हे खरं. म्हणजे गाणं लिहिलं, गायलं, अपलोड केलं म्हणून सहसा शिक्षा होऊ शकत नाही. पण तुम्ही जे बोललात ते नंतर दुसऱ्या गुन्ह्याच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरलंच जाऊ नये, असं संरक्षण त्यातून आपोआप मिळत नाही.

त्यामुळे खरी लढाई होते ती पुराव्याच्या नियमांवर. अमेरिकेच्या संघीय कोर्टांतले तीन नियम इथे महत्त्वाचे आहेत. राज्यांमध्येही साधारण असेच नियम आहेत.

एक: कोर्टाबाहेर कुणी काय बोललं, ही ऐकीव गोष्ट सहसा पुराव्यात चालत नाही. पण आरोपी स्वतः बोलला असेल, तर ते त्याच्याविरुद्ध वापरता येतं. गाणं या दारातून आत येतं.

दोन: 'हा माणूसच वाईट, म्हणून गुन्हा यानेच केला असणार' असं सुचवणारा पुरावा चालत नाही. पण हेतू, तयारी, माहिती, ओळख अशा कारणांसाठी तोच पुरावा चालू शकतो. हा नियम ४०४ म्हणून ओळखला जातो.

तीन: पुरावा संबंधित असला, तरी त्यातून सत्य कळण्यापेक्षा ज्युरीचं मन कलुषित होण्याचा धोका बराच मोठा असेल, तर न्यायाधीश तो बाहेर ठेवू शकतात. हा नियम ४०३.

सगळा वाद या तिसऱ्या नियमाभोवती फिरतो. अमेरिकेत गंभीर खटल्यांत दोषी की निर्दोष हे सामान्य नागरिकांमधून निवडलेली, बहुधा बारा जणांची ज्युरी ठरवते. त्यांच्यातल्या कुणी आयुष्यात रॅप ऐकलेलं नसेल, तर बंदूक नाचवणारा, शिव्या देणारा तरुण मोठ्या पडद्यावर पाहून त्यांच्या मनात काय येईल? समोर साध्या कपड्यांत बसलेल्या आरोपीची तीच प्रतिमा मग डोक्यात राहते.

गाण्यातला 'मी' कोण?

मूळ प्रश्न साहित्याचा आहे. गाण्यात 'मी' म्हणणारा आणि गाणं लिहिणारा एकच माणूस असतो का?

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव या पुरुष शाहिरांनी लिहिलेल्या कित्येक लावण्यांमध्ये 'मी' म्हणून बोलते ती स्त्री. ती शाहिराची स्वतःची कैफियत आहे, असं कुणी समजत नाही. खलनायकाचं काम करणाऱ्या नटाला कुणी तुरुंगात टाकत नाही.

रॅपमध्येही बढाई, अतिशयोक्ती आणि उसना अवतार हा त्या प्रकाराचाच भाग आहे. 'मी सगळ्यात मोठा, सगळ्यात धोकादायक' असं म्हणण्याची त्यात चढाओढ असते. त्याला बाजारपेठेचंही कारण आहे. ज्या गाण्यात 'खरेपणा' दिसतो, ते जास्त ऐकलं जातं. त्यामुळे साधंसुधं आयुष्य जगणारा पोरगाही गाण्यात टोळीचा दादा असल्याचा आव आणतो. अडचण अशी की हाच 'मी गातो ते खरं आहे' हा दावा नंतर सरकारी वकिलांच्या हाती लागतो.

एडगर ॲलन पोची कथा आणि न्यू जर्सीचा निकाल

२००५ साली न्यू जर्सी राज्यात एका माणसावर गोळीबार झाला. तो वाचला, पण कायमचा अपंग झाला. आरोपी व्हॉन्टे स्किनर ज्या गाडीतून फिरत होता, त्या गाडीत पोलिसांना रॅपच्या बोलांनी भरलेल्या वह्या सापडल्या. खटल्यात त्यातली तब्बल १३ पानं ज्युरीला वाचून दाखवण्यात आली. त्यातले बरेचसे बोल घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेले होते. त्यात जखमी माणसाचं नाव नव्हतं, या घटनेचे तपशीलही नव्हते. स्किनर दोषी ठरला आणि त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली.

२०१४ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हे बोल ज्युरीपुढे जायलाच नको होते. निकालात दिलेलं उदाहरण पुढे खूप गाजलं. बॉब मार्लीने शेरीफला गोळी घातल्याचं गाणं गायलं, म्हणून त्याने खरंच तसं केलं असं कुणी मानणार नाही. एडगर ॲलन पोने 'द टेल-टेल हार्ट' या कथेत माणूस मारून फरशीखाली पुरल्याचं लिहिलं, म्हणून पोने तसं केलं असंही कुणी मानणार नाही. मग रॅपलाच वेगळा न्याय का?

पण न्यायालयाने रॅपवर सरसकट बंदी घातली नाही. गाण्यातले नेमके तपशील आणि प्रत्यक्ष गुन्हा यांच्यात भक्कम दुवा असेल तरच गाणं पुराव्यात यावं, अशी कसोटी घालून दिली. नंतर इतर राज्यांतही ही कसोटी चर्चेत राहिली.

दोन गाणी जोडून तयार झालेली 'कबुली'

ही कसोटी का लागते, हे मॅक फिप्सच्या कहाणीतून कळतं. लुईझियाना राज्यातला मॅक हा नव्वदच्या दशकातला नावाजलेला रॅपर. फेब्रुवारी २००० मध्ये स्लायडेल गावातल्या एका क्लबमध्ये त्याचा कार्यक्रम होता. तिथे गोळीबार झाला आणि १९ वर्षांचा एक तरुण मारला गेला. मॅकला अटक झाली. त्याच्यावर आधीचा एकही गुन्हा नव्हता. ज्या बंदुकीतून गोळी सुटली, ती त्याच्याशी जोडणारा कुठलाही वैज्ञानिक पुरावा नव्हता. दुसऱ्याच एका माणसाने 'गोळी मी झाडली' असं सांगितलं, पण तपास यंत्रणेने त्यावर विश्वास ठेवला नाही.

खटल्यात सरकारी वकिलांनी मॅकच्या गाण्यांचा आधार घेतला. त्यांनी दोन वेगवेगळ्या गाण्यांमधले तुकडे एकापुढे एक ठेवून ज्युरीला ऐकवले. त्यातल्या एका गाण्यातला तुकडा मॅकच्या वडिलांबद्दलचा होता. ते व्हिएतनाम युद्धात लढलेले सैनिक होते. संदर्भ काढून टाकल्यावर सैनिक बापाबद्दलची ओळ मुलाची धमकी वाटू लागली.

२००१ साली मॅकला सदोष मनुष्यवधाबद्दल ३० वर्षांची शिक्षा झाली. पुढे काही साक्षीदारांनी आपल्यावर दबाव आणला गेल्याचं सांगितलं. २०२१ साली राज्यपालांनी शिक्षा कमी केल्यावर तो पॅरोलवर बाहेर आला. तोवर २१ वर्षं गेली होती. कोर्टाने त्याला निर्दोष म्हटलेलं नाही, म्हणजे कागदावर तो आजही दोषी आहे.

पूर्वग्रह असतो, हे सिद्ध झालंय का?

'रॅप ऐकून ज्युरीचं मत बिघडतं' ही नुसती वकिली तक्रार आहे का? मानसशास्त्रज्ञांनी याचे प्रयोग केले आहेत.

१९९६ साली कॅरी फ्राइड या संशोधिकेने एक साधा पण चलाख प्रयोग केला. तिने १९६० च्या आसपासचं, किंग्स्टन ट्रिओ या गटाचं एक लोकगीत घेतलं. त्यात पोलिसाला गोळी घालणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. तिने फक्त बोल छापून लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं हे कंट्री संगीत आहे. शब्द तेच, पण 'रॅप' असं ऐकलेल्यांना ते जास्त घातक आणि जास्त आक्षेपार्ह वाटले. २०१६ साली ॲडम डनबार, चॅरिस कुब्रिन आणि निकोलस स्क्युरिच यांनी असेच प्रयोग नव्याने केले. निष्कर्ष जवळपास तसाच आला.

स्टुअर्ट फिशॉफ यांचा १९९९ सालचा प्रयोग आणखी बोलका आहे. त्यांनी लोकांना एका काल्पनिक तरुणाची माहिती दिली. काहींना सांगितलं की त्याच्यावर खुनाचा आरोप आहे. काहींना त्याने लिहिलेले हिंसक रॅपचे बोल दाखवले. लोकांच्या मनातली त्याची प्रतिमा खुनाच्या आरोपापेक्षा रॅपच्या बोलांनी जास्त बिघडली.

सरकारी पक्षाचं काहीच बरोबर नाही का?

तसंही नाही. काही प्रकरणांत गाणं खरोखर महत्त्वाचा पुरावा असतं.

मेरीलँड राज्यात एका खुनाच्या खटल्यातल्या आरोपीने खटला सुरू व्हायच्या काही आठवडे आधी तुरुंगाच्या फोनवरून रॅप केलं. पलीकडच्या माणसाने ते रेकॉर्ड केलं आणि ते इन्स्टाग्रामवर गेलं. त्यातले तपशील खुनाच्या घटनेशी जुळत होते आणि साक्ष देणाऱ्यांना इशाराही होता. २०२० साली मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा योग्य ठरवला. कारण इथे गाणं आणि गुन्हा यांच्यात नेमका दुवा होता, आणि ते ऐन खटल्याच्या तोंडावर बाहेर आलं होतं.

दुसरं उदाहरण टेकाशी सिक्सनाइनचं. २०१९ साली न्यूयॉर्कच्या संघीय कोर्टात हा रॅपर स्वतःच्याच टोळीच्या लोकांविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहिला. त्याच्या 'गुम्मो' गाण्याचा व्हिडीओ कोर्टात लावण्यात आला. त्यात लाल रुमाल घेतलेले लोक कोण आणि ते तिथे कसे आले, हे त्याने सांगितलं. इथे प्रश्न बोलांच्या अर्थाचा नव्हता, व्हिडीओत कोण दिसतंय एवढाच होता. अशा वापराला आक्षेप घेणं अवघड आहे.

अटलांटाच्या सरकारी वकील फॅनी विलिस यांची भूमिकाही साधी होती. पुरावा जिथे सापडेल तिथून घेतला जाईल, आणि गाण्यात गुन्हा कबूल करायचा असेल तर तो वापरला जाईल, हे लक्षात ठेवा, असं त्यांनी २०२२ साली जाहीरपणे सांगितलं होतं. गुन्ह्यात बळी पडलेल्याच्या घरच्यांच्या जागेवरून पाहिलं तर या भूमिकेत तथ्य आहे. त्यांच्या मुलाच्या मरणाची कुणी गाण्यात टिंगल करत असेल, तर ते कोर्टाने ऐकूच नये, असं त्यांना कसं वाटेल?

मग यंग थगचं काय झालं?

मे २०२२ मध्ये २८ जणांवर ५६ कलमांचं आरोपपत्र दाखल झालं. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की 'वायएसएल' ही गुन्हेगारी टोळी आहे आणि यंग थग तिचा म्होरक्या. बचाव पक्षाच्या मते वायएसएल ही फक्त संगीत कंपनी होती. ज्युरी निवडायलाच जवळपास दहा महिने लागले. मध्येच न्यायाधीश बदलले. जॉर्जियाच्या इतिहासातला हा सगळ्यात लांबलेला फौजदारी खटला ठरला.

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी यंग थगने टोळी, अमली पदार्थ आणि शस्त्रांशी संबंधित काही आरोप कबूल केले. कटाच्या मुख्य आरोपावर त्याने गुन्हा कबूलही केला नाही आणि लढवलाही नाही. तुरुंगात काढलेली सुमारे अडीच वर्षं हीच शिक्षा धरून त्याला सोडण्यात आलं. मात्र १५ वर्षं देखरेख आणि अटलांटा परिसरात येण्यावर निर्बंध, अशा अटी लागल्या. शेवटपर्यंत लढलेले दोन आरोपी ३ डिसेंबर २०२४ रोजी खुनाच्या आणि टोळीच्या आरोपांतून सुटले. त्यातल्या एकाला फक्त बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरलं गेलं. म्हणजे ज्या खटल्यातल्या गाण्यांची जगभर चर्चा झाली, तिथे ज्युरीने निकाल दिलेल्या दोघांवर खून आणि टोळीचे आरोप सिद्ध झालेच नाहीत.

व्हिडीओ कागदावरच्या बोलांपेक्षा वेगळा का?

व्हिडीओत डोळ्यांना दिसतं ते खरं वाटतं. पण म्युझिक व्हिडीओ ही रचलेली गोष्ट असते. हातातली बंदूक खेळण्यातली असू शकते, गाडी भाड्याची असू शकते, मागे नाचणारी पोरं शेजारच्या इमारतीतली असू शकतात. गाणं कधी लिहिलं आणि व्हिडीओ कधी अपलोड झाला, यात वर्षांचं अंतर असू शकतं. गुन्ह्याच्या आधी लिहिलेलं गाणं नंतर अपलोड झालं, तर ते कबुलीसारखं दिसतं.

कधी तर गाणंही आरोपीचं नसतं. टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०२४ साली एका आरोपीची खुनाच्या खटल्यातली शिक्षा रद्द केली. त्या खटल्यात ज्युरीला रॅप व्हिडीओ दाखवले होते आणि त्यात आरोपी दुसऱ्यांच्या गाण्यांवर ओठ हलवत होता. इन्स्टाग्रामवर रोज लाखो लोक तेच करतात.

ब्रिटनमधलं 'ड्रिल'

लंडनमध्ये 'ड्रिल' हा रॅपचा उपप्रकार पोलिसांच्या नजरेत आहे. तिथे बऱ्याचदा पोलीस अधिकारीच तज्ज्ञ म्हणून कोर्टात येतात आणि गाण्यातल्या बोलीचा अर्थ सांगतात. ज्यांनी आरोपीला पकडलं, त्यांच्याच खात्यातल्या माणसाने त्याच्या भाषेचा अर्थ लावावा का, हा तिथला कळीचा वाद आहे.

तिथे गाण्यावर थेट बंधनंही येतात. २०१९ साली स्केंगडो आणि एएम या जोडीला एका कार्यक्रमात एक गाणं गायल्याबद्दल नऊ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली, कारण त्यांच्यावर आधीच कोर्टाचा मनाई हुकूम होता. रॅपर डिग्गा डी याला नवीन गाणं प्रसिद्ध केल्यावर २४ तासांत पोलिसांना कळवावं लागायचं. २०२३ साली तिथल्या वकील, अभ्यासक आणि कलाकारांनी 'आर्ट नॉट एव्हिडन्स' ही मोहीम सुरू केली.

कायदे बदलतायत का?

हळूहळू. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार गाणं, कविता, व्हिडीओ अशी कलाकृती पुराव्यात आणायची असेल, तर तिने मनं कलुषित होण्याचा आणि वांशिक पूर्वग्रह जागा होण्याचा धोका न्यायाधीशांना तपासावा लागतो. ही सुनावणी ज्युरीच्या अनुपस्थितीत होते. मॅक फिप्सच्या लुईझियानानेही २०२३ साली याच दिशेचा कायदा केला. संपूर्ण देशासाठीचं विधेयक २०२२ साली अमेरिकी संसदेत मांडलं गेलं, पण तेव्हा ते मंजूर झालं नाही. यातला कुठलाही कायदा गाण्याला पूर्ण सूट देत नाही. आधी दुवा दाखवा, मगच गाणं लावा, एवढंच हे कायदे सांगतात.

भारतात काय होऊ शकतं?

भारतात आता ज्युरी नाही, निकाल न्यायाधीश देतात. त्यामुळे मोठ्या पडद्यावरचा व्हिडीओ पाहून बारा सामान्य माणसांचं मत बिघडण्याचा धोका इथे त्याच रूपात नाही. पण पुराव्याचे प्रश्न तेच आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम ४९ सांगतं की आरोपीचं आधीचं वाईट चारित्र्य हा संबंधित पुरावा नाही. बचाव पक्षानेच चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला, तरच उत्तरादाखल तो आणता येतो. त्याच वेळी कलम ६ नुसार हेतू, तयारी आणि वागणूक यांचा पुरावा चालतो. म्हणजे 'याच्या गाण्यात बंदुका आहेत, म्हणून हा गुन्हेगार' हे चालणार नाही. पण ज्या माणसावर हल्ला झाला, त्याचं नाव घेऊन आदल्या दिवशी टाकलेला व्हिडीओ पुरावा ठरू शकतो.

व्हिडीओ कोर्टात आणण्याची पद्धतही ठरलेली आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. नव्या कायद्यात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे.

महाराष्ट्रात आतापर्यंत गाजलेली प्रकरणं बहुतेक चौथ्या प्रकारातली आहेत, म्हणजे गाणं हाच गुन्हा मानल्याची. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर टीका करणाऱ्या मराठी रॅप गाण्यावरून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे याच्यावर अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि त्यावरून मोठा वाद झाला. दुसरीकडे, कोयता नाचवत रील टाकणाऱ्यांवर पुण्यात पोलीस कारवाई करतात. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. एकात शब्दांवर आक्षेप आहे, दुसऱ्यात हातातल्या शस्त्रावर.

शब्दांकडे कसं पाहावं, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी टाकलेल्या व्हिडीओतल्या कवितेवरून गुजरातमध्ये गुन्हा नोंदवला होता. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर माणसाच्या नजरेतून मोजावा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो अशा माणसाच्या नजरेतून नाही, असं त्यांनी म्हटलं. ही कसोटी मुळात चाळीसच्या दशकातल्या नागपूर उच्च न्यायालयाच्या एका निकालातली आहे.

बातमी वाचताना काय विचारावं?

'गाण्यात दिली गुन्ह्याची कबुली' असा मथळा फोनवर दिसला, तर शेअर करण्याआधी पाच प्रश्न उपयोगी पडतात.

१. गाणं गुन्ह्याच्या आधी लिहिलं की नंतर? लिहिल्याची आणि अपलोड केल्याची तारीख वेगळी आहे का?

२. गाण्यात या घटनेचे नेमके तपशील आहेत, की रॅपमध्ये नेहमी असतात तसे बंदूक, पैसा आणि शत्रू आहेत?

३. ते तपशील बातम्यांत किंवा गावगप्पांत आधीच आले होते का? तसं असेल तर ते कुणालाही माहीत असू शकतात.

४. बोल आरोपीनेच लिहिलेत का? पूर्ण गाणं ऐकवलंय की निवडक तुकडे?

५. गाणं बाजूला ठेवलं, तर आरोपीविरुद्ध आणखी काय उरतं?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. साक्षीदार, शस्त्र, फोनचं लोकेशन असा पुरावा असेल, तर गाण्याने त्यात थोडी भर पडते. यातलं काहीच नसेल, तर गाणं ती रिकामी जागा भरायला आणलेलं असतं. मॅक फिप्सच्या खटल्यात नेमकं हेच झालं.